केळ निसवायच्या आधी

अगं, परवा रात्री फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. आबांच्या विहिरीकडच्या जी-नाईन केळीला रानकेळीचा पराग लावायचा, त्यातून लाल केळफुलाची, गोड फळाची, रोगाला दाद न देणारी केळ काढायची आणि तिला आपल्या तेरखेड्याचं नाव द्यायचं. मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. ते तुला लागलं, हे तुझ्या गप्प होण्यावरून कळलं मला. रात्रभर ते मनात राहिलं. म्हणून आज ज्वारीला पाणी सोडून बांधावर बसले आहे आणि तुला सविस्तर सांगते आहे. तू करणार आहेस ते फार मोलाचं काम आहे. फक्त चुकीच्या झाडापासून सुरुवात करू नकोस.

जी-नाईनचं दुखणं आधी समजून घे. केळीच्या जनुकांचा एक संच अकरा गुणसूत्रांचा असतो. रानकेळीत असे दोन संच, म्हणजे बावीस गुणसूत्रं. जी-नाईनमध्ये तीन संच आहेत, तेहतीस. पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांना जोड्या जमवाव्या लागतात. फुगडीला दोघींची जोडी लागते ना, तसंच. दोघींचे हात गुंफले की तिसरी मोकळी राहते, आणि अकराच्या अकरा ठिकाणी हाच घोळ होतो. म्हणून तिच्यात बी धरत नाही. पिकलेलं केळ आडवं कापलंस की मधे बारीक काळे ठिपके दिसतात, ती बी होता होता राहून गेलेली बीजांडं. आपण ती न चावता गिळतो ते या बिघाडामुळेच. रानातलं केळ खाऊन बघ, मिरीएवढ्या टणक बियांनी दात दुखतील.

पिढ्यान् पिढ्या माणसाने बी नसलेलंच केळ निवडलं आणि मुनवे काढून लावत राहिला. त्यामुळे जळगावपासून अर्धापूरपर्यंत उभ्या असलेल्या जी-नाईनच्या बागा म्हणजे एकाच झाडाच्या प्रती आहेत. एकीला जो रोग मारेल तो सगळ्यांना मारेल. हे आधी एकदा घडलेलंही आहे. ग्रो मिशेल नावाची केळ जगाच्या व्यापारात राज्य करत होती. पनामा मर रोगाने तिचे मळेच्या मळे बसवले आणि 1960 च्या आसपास तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपली जी-नाईन याच गटातली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशवर आला आहे आणि आपल्या देशात तो बिहार-उत्तर प्रदेशात पोचला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, औषध मारून जात नाही. म्हणून तुझी तळमळ मला पटते.

रानकेळीकडे जायचं तेही यासाठीच. एक गोष्ट सांगते, तुला आवडेल. म्यूझा अक्युमिनाटा या रानकेळीची एक झाडओळ आहे, नाव ‘कलकत्ता ४’. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनवरून ते नाव पडलं. फळ बारकं, बियांनी ठासून भरलेलं, बाजारात कुणी फुकट घेणार नाही. पण पानावरच्या काळ्या सिगाटोका करप्याला ती दाद देत नाही. आफ्रिकेतल्या संशोधकांनी तिला बाप केलं. युगांडात शिजवून खायची जी केळ आहे, जी त्यांची रोजची भाकरी म्हणावी अशी, तिच्याशी कलकत्ता ४ चा संकर करत करत ‘नरिता’ नावाचे वाण निघाले. कलकत्त्याच्या बागेचं नाव मिरवणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली रानकेळ युगांडातल्या घरच्या चुलीपर्यंत पोचली. हे वाचलं त्या दिवशी मी दोनदा वाचलं.

टीआर-४ चंही तसंच. मलाक्केन्सिस या रानटी उपजातीत त्याला अडवणारं जनुक सापडलं. ऑस्ट्रेलियात ते प्रयोगशाळेत कॅव्हेंडिशमध्ये घातलं आणि 2024 साली क्यूकॅव्ह-४ या केळीला तिथे मंजुरी मिळाली. वाट जनुक-अभियांत्रिकीची असली तरी शिदोरी रानकेळीचीच.

‘मग मी का नको करू?’ असं तू म्हणशील. कारण खायच्या केळीचा संकर हे एकट्या मुलीचं, एका विहिरीवरचं काम नाही. त्रिनिदादमध्ये 1922 पासून माणसं त्यामागे लागली. होंडुरासमध्ये फिया नावाच्या संस्थेत घडच्या घड परागीभवन करून, पिकवून, कुस्करून चाळतात, तेव्हा कुठे थोड्या बिया हाताला लागतात. शिवाय तिथेही सुरुवातीला आई म्हणून अशीच जात घ्यावी लागते जिच्यात थोडी तरी बी धरण्याची शक्ती उरली आहे. कॅव्हेंडिश त्यात फारच कंजूस. तीन संचांच्या आईला दोन संचांचा बाप दिला की बहुतेक चार संचांचं लेकरू येतं, मग त्याला पुन्हा दोन संचांच्या झाडाशी जुळवायचं आणि तीन संचांवर यायचं. प्रत्येक पायरीला वर्षं जातात. आपल्याकडे कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने 1984 साली को-१ ही संकरित केळ दिली. तिच्या वंशात लादन, रानटी बाल्बिसियाना आणि कदली अशा तिघी आहेत. तीन झाडांची एक केळ व्हायला केवढी माणसं, केवढी जमीन लागली असेल, याचा विचार कर.

म्हणून माझं ऐक. जी-नाईनला हात लावू नकोस. तू शोभेच्या केळीपासून सुरुवात कर.

आपल्या नर्सरीवाल्यांकडे दोन जाती सहज मिळतात. एक म्यूझा वेलुटिना, ती आसाम-अरुणाचलाची. कमरेपासून डोक्यापर्यंत वाढते, केळफूल खाली न लोंबता वर ताठ उभं राहतं, फळं गुलाबी आणि मखमली लवेची. पिकली की सालं आपोआप उलगडतात आणि आतला पांढरा गर, काळ्या बिया दिसतात. दुसरी म्यूझा ऑर्नाटा, केळफुलाच्या जांभळट गुलाबी पातींची आणि पिवळ्या-नारिंगी फुलांची. तिला हे नाव रॉक्सबर्गने दिलं, कलकत्त्याच्या त्याच बागेचा अधिकारी. दोघींचे संच दोन-दोन, गुणसूत्रं बावीस-बावीस. म्हणजे फुगडीला जोडीदारीण आधीच तयार. मुनव्यांनी पसरतात, कुंडीतसुद्धा राहतात आणि बी पेरल्यापासून वर्ष-दीड वर्षात फुलावर येतात. तुझं शिक्षण संपायच्या आत तुला नातवंडंसुद्धा बघता येतील.

आता तू सांगितलेली दुसरी कल्पना, घाटातली चवेणी आणायची. पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणीच्या कड्यांवर ती हिरव्या पानांची उभी असते आणि उन्हाळ्यात पानं झडून नुसता फुगीर बुंधा उरतो. दिसायला केळच. पण ती एन्सेट आहे, म्यूझा नाही. पूर्वी तिलाही म्यूझातच धरत, चीझमनने 1947-48 मध्ये ती वेगळी काढली. तिची गुणसूत्रं अठरा. बावीसवालीशी तिचा संसार जुळत नाही, पराग लावून वेळ घालवू नकोस. आणखी एक गोष्ट, ही मला तुला कळकळीने सांगायची आहे. चवेणीला मुनवे येत नाहीत. ती आयुष्यात एकदाच निसवते, बी टाकते आणि मरते. एक रोप उपटून आणलंस तर त्या कड्यावरचा एक अख्खा वंश तू बी पडायच्या आत संपवलास. बघायला जा, फोटो काढ, पण खोदू नकोस.

हेलिकोनियाही अशीच फसवते. पानं केळीची, फूल लाल-पिवळं. नर्सरीवाले कधीकधी ‘शोभेची केळ’ म्हणूनच विकतात. ती केळीच्या लांबच्या गोतातली आहे, तिच्याशी संकर होत नाही. आणि लालभडक म्यूझा कोक्सिनिया मिळाली तर घे, बागेला शोभा येईल, पण तिची गुणसूत्रं वीस आहेत. बावीसशी तिला पहिल्याच वर्षी जुळवायला जाऊ नकोस.

आई कोणाला करायचं? ऑर्नाटाला. याचं कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकले. दोन वर्षांपूर्वी मी वेलुटिनाला आई केलं होतं. मला वाटलं, एवढं बी धरणारं झाड आहे, सोपं जाईल. बी चांगली मूठभर आली. रोपं झाली, वाढवली, फुलावर आली, आणि एकूणएक वेलुटिना! ती स्वतःच्याच परागाने बी धरते, माझा पराग पोचायच्या आधीच तिचं काम झालेलं होतं. वर माझी पिशवीही उशिरा बांधली गेली होती. पाती उघडलेली होती आणि शिंजीर पहाटेपासूनच तिच्यावर बसत होता. ताठ केळफुलांवर शिंजीर फार येतात, लोंबत्या रानकेळींकडे रात्रीची वटवाघळं जातात. ती पाखरं आपल्या वहीत नोंद करून येत नाहीत गं. दीड वर्ष वाया गेलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

तर केळ निसवायच्या आधीच पिशव्या शिवून ठेव. मलमलीच्या, सैल, खालून नाडी असलेल्या. केळफुलाचं टोक पानांतून दिसलं की त्याच दिवशी पिशवी. बापाच्या झाडालाही घाल, नाहीतर त्याच्या परागात पाखराने आणलेला परका पराग मिसळेल. सुरुवातीच्या पातींखालची फुलं मादी असतात, त्यांच्या बुडाशी बोटासारखं कोवळं फळ आधीच दिसतं. वरच्या पातींखाली नर, त्यांचं बूड अगदी इवलंसं. ऑर्नाटाच्या एका पातीखाली चार-पाचच फुलं असतात, म्हणून एकही वाया घालवायचं नाही. पाती ज्या सकाळी वर उचलली जाते त्याच सकाळी वेलुटिनाचं ताजं नरफूल खुडायचं, परागकोश मादी फुलाच्या चिकट टोकावर हलकेच फिरवायचा आणि पिशवी पुन्हा बांधायची. पुढची पाती उघडली की पुन्हा. सलग चार-सहा दिवस पहाटे उठावं लागेल. आपल्याकडे फाल्गुनापासून नऊ वाजताच वारा तापतो, पराग सुकतो. सूर्य बांधावर यायच्या आत काम उरकलं पाहिजे. झाडं विहिरीच्या कठड्याच्या पूर्वेला लाव, दुपारची सावली मिळेल.

आपली चुलती फटाक्याच्या कारखान्यात जायची, आठवतं? तेरखेड्याचा फटाका सगळ्या मराठवाड्यात जातो, पण तिने बारूद भरताना कधी घाई केलेली मी पाहिली नाही. बोलायची, हसायची, पण हात एका लयीत. आणि प्रत्येक पेटीवर न चुकता खूण करायची. मला संकराचं काम करताना तिचेच हात आठवतात. तीच सवय तू लाव. प्रत्येक फणीला दोऱ्याने चिठ्ठी बांध. आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं नाव, तारीख आणि वेळ. पेन्सिलीने लिही, शाई पावसात जाते. आणि तेच वहीत लिही. संकर करणाऱ्याची खरी मालमत्ता झाड नसून वही असते. आईबापांची नावं हरवलेलं सुंदर झाड कुणाच्याच कामाचं नाही.

फळं पिकायला तीनेक महिने. पिकल्यावर बिया गरातून चोळून धू, सावलीत वाळव, पण महिनोन् महिने डब्यात ठेवू नकोस, लगेच पेर. बीचं कवच दगडासारखं असतं. एक-दोन दिवस पाण्यात भिजव, हवं तर कवच हलकेच खरवड. रानकेळीच्या बियांना दिवसा ऊब आणि रात्री गारवा असा फरक लागतो, सारख्या तापमानात त्या हट्टाने पडून राहतात. याबाबतीत आपला मुलूख तुझ्या बाजूचा आहे. माघ-फाल्गुनात दुपारी अंग भाजतं आणि पहाटे गोधडी लागते. कुंड्या तेव्हा पेर, वरून गोणपाट घाल आणि ओल राख. काही तीन आठवड्यांत येतील, काही तीन महिन्यांत. कुंडी उलटून टाकायची नाही. ज्या बिया आतून अर्धवट भरलेल्या वाटतील त्यांच्यातला गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवता येतो. तुझ्या कॉलेजात ऊती संवर्धनाची सोय असेल तर त्या सरांशी-मॅडमशी आत्ताच ओळख कर, बिया हातात आल्यावर नव्हे.

रोपं आली की प्रत्येक रोप वेगळं असेल. हीच गंमत आहे. त्यात किती खरे संकर, हे पाहायला बापाच्या खुणा शोध. देठाचा रंग, पातीची छटा, फळावर मखमली लव. पक्की खात्री डीएनए मार्करनेच होते. एखादं झाड देखणं निघालं आणि त्याला बी धरत नसेल तर निराश होऊ नकोस. खायच्या केळीच्या वंशात पुढे जायला सुपीकपणा लागतो, शोभेच्या केळीला नाही. तिचे मुनवे काढायचे आणि वाढवायचे, झालं काम. पुढे आणखी संकर करायचा असेल तर नरफुलातला पराग काचपट्टीवर घेऊन अ‍ॅसिटोकार्मिनने रंगव. जिवंत, भरलेला कण लाल होतो, पोकळ कण फिका राहतो. शंभर कण मोज आणि लिहून ठेव.

घरचे विचारतील, खाता येत नाही मग लावायची कशाला. आबा तर विचारणारच. त्यांना सांग की ब्राझीलमध्ये क्रुझ दास अल्मास इथल्या एम्ब्रापाच्या केंद्रात खास शोभेच्या केळींचे संकर करतात. फुलदाणीसाठी, बागेसाठी, कुंडीसाठी आणि बारक्या रंगीत घडांसाठी वेगवेगळी निवड करतात. आपल्याकडेही लग्नाच्या मांडवाला केळीचे खांब लागतात, पण रंगीत केळफुलाचे दांडे आपल्या भागात कुणी पिकवत नाही. तरी मी तुला पैशाची आशा दाखवत नाही. सुरुवातीची तीन वर्षं यात पैसा नाही, असंच धरून चाल.

आबांचीच काळजी म्हणून दोन गोष्टी पाळ. नवं झाड कुठूनही आणलंस तरी ते थेट जी-नाईनच्या बाजूला लावू नकोस. मावा सीएमव्ही आणि पर्णगुच्छ हे दोन्ही विषाणूरोग पसरवतो आणि शोभेच्या केळीवर रोग लवकर ओळखू येत नाही. निदान तीन महिने घरामागे वेगळं ठेव, मगच विहिरीकडे ने, पानावर पिवळ्या रेघा दिसल्या तर मोह न ठेवता उपटून जाळ. आणि पुढे कधी बाल्बिसियानाशी संकर केलास तर हे लक्षात ठेव: तिच्या जनुकांतच स्ट्रीक विषाणूचे तुकडे झोपलेले असतात आणि संकरात किंवा ऊती संवर्धनात ते जागे होऊ शकतात. निरोगी आईबापांना आजारी लेकरू होण्याचं हे एक कारण आहे. म्हणून तिच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस.

त्रिचीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, 1993 पासून. पुढे एम.एस्सी.ला गेलीस तर तिथे जायचं मनात धर, त्यांच्याकडे रानकेळी आणि शोभेच्या केळी जिवंत सांभाळलेल्या आहेत. बेल्जियमच्या ल्यूव्हेन शहरात तर दीड हजारांहून जास्त केळींची झाडं काचेच्या नळ्यांत जपून ठेवली आहेत. आपल्याला हवं ते जगात कुठेतरी कुणीतरी जपलेलं असतं. मात्र तिथे मागायला जाताना आपल्या हातात स्वतःची भरलेली वही असावी. तीन हंगामांच्या नोंदी असलेली मुलगी आली तर कुठल्याही संशोधकाला तिच्याशी बोलावंसं वाटेल.

तेरखेड्याचं नाव द्यायचं राहू दे आत्ता. नाव शेवटी देतात, झाड दोन-तीन पिढ्या मुनव्यांतून तसंच उतरतंय हे पाहून.

विहिरीकडच्या ऑर्नाटाच्या मधल्या पानात आज टोक जाड झालेलं दिसलं. पंधरा दिवसांत निसवेल. आईच्या जुन्या मलमलीच्या ओढणीतून मी दोन पिशव्या कापून ठेवल्या आहेत, शिवायचं तू आल्यावर. शनिवारी ये.